‘मुंबई स्पेशल’पासून सावध!

बीडच्या एखाद्या घरात ट्रंकेतून आजोबांचं एचएमटी ‘जनता’ घड्याळ निघतं आणि नातू मोबाइलवर त्याचा भाव शोधायला बसतो. समोर येतात निळ्या-केशरी तबकड्यांची ‘दुर्मीळ, न वापरलेली’ घड्याळं. जगभरचे संग्राहक या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात : यंत्र जुनं, तबकडी ताज्या रंगाची.

एचएमटीची घड्याळं १९६१ पासून, जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने, बंगळुरूत बनू लागली. २०१६ मध्ये केंद्राने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

ऑनलाइन लिलावातल्या वर्णनांना मात्र कुलूप नाही. तबकडीवर सैनिकी चिन्ह छापलं, की घड्याळ ‘लष्करी’! ‘सर्व्हिस केलेलं’ म्हणजे कित्येकदा नुसती काच घासलेली. ‘१७ ज्वेल्स’ वाचूनही हुरळू नये. ती आसांचं घर्षण कमी करणारी कृत्रिम माणकं, सोनाराकडे कवडीमोल.

फोटो मोठा करून पाहावा. ‘फेवर-ल्यूबा’सारख्या स्विस घड्याळावरच्या नावाची अक्षरं जाडीभरडी, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी फटकून, सहाच्या आकड्याखालचं ‘स्विस मेड’ तिरकं किंवा गायबच, असं दिसलं तर तबकडी पुन्हा रंगवलेली असण्याचीच शक्यता जास्त.