इंग्रजी वाक्यातील चूक, मूळ मात्र मराठीत!

मुलाखतीत उमेदवाराला स्वतःची ओळख करून देण्यास सांगितले, की उत्तराचा पहिला शब्द अनेकदा 'मायसेल्फ' असा येतो. 'मायसेल्फ संतोष, आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरियन्स' या वाक्याचा अर्थ समोरच्या अधिकाऱ्याला कळतो. परंतु उमेदवाराविषयीचा त्याचा पहिला ग्रहही तेवढ्यातच तयार होतो. विषयाचे ज्ञान, गुणपत्रिका, मेहनत यांची पाळी त्यानंतर येते. या पहिल्या अनुभवाने धसका घेतलेले अनेक तरुण पुढे इंग्रजी बोलणेच टाळतात. चुकीच्या इंग्रजीपेक्षा हे मौन त्यांचे अधिक नुकसान करते.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत दहा वर्षे या भाषेच्या सहवासात असतो. तरीही काही चुका पुसल्या जात नाहीत. कोल्हापूरचा विद्यार्थी जेथे अडखळतो, नेमका तेथेच नागपूरचा विद्यार्थीही अडखळतो. या चुका निष्काळजीपणाच्या असत्या, तर त्या अशा ठरावीक जागी झाल्या नसत्या. त्यातील बऱ्याच चुकांचे मूळ बोलणाऱ्याच्या मनात आधी तयार झालेल्या मराठी वाक्यात असते.

भाषाशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मातृभाषा आणि शिकावयाची भाषा यांची तुलना करून अडचणीच्या जागा आधीच ओळखता येतील, असा विचार मांडला. पुढे पिट कॉर्डर यांनी १९६७ साली त्यात महत्त्वाची भर घातली. थकव्यामुळे किंवा घाईमुळे होणारी चूक आणि पुनःपुन्हा त्याच पद्धतीने होणारी चूक यांत त्यांनी फरक केला. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे शिकणाऱ्याने मनाशी कोणता नियम बांधला आहे, याचा पुरावाच होय, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वच चुका मातृभाषेतून येतात असे नाही. 'कट'चे 'कटेड' करणे ही इंग्रजीच्याच नियमाची ओढाताण आहे. तथापि मराठी भाषकांच्या इंग्रजीत नित्य आढळणाऱ्या चुका तपासल्या, तर त्यामागे मराठीचा कोणता नियम काम करीत आहे, हे बहुतेक वेळा दाखविता येते.

'एक होता राजा' आणि उपपदे

मराठीत 'अ', 'ॲन' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत. 'तो इंजिनिअर आहे' हे वाक्य मराठीत पूर्ण आहे, म्हणून 'ही इज इंजिनिअर' हेही बोलणाऱ्याला पूर्ण वाटते. इंग्रजीला तेथे 'ही इज ॲन इंजिनिअर' असे हवे असते. उपपदे नसली, तरी त्यामागची कल्पना मराठीला परकी नाही. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या' असे सांगताना पहिल्या उल्लेखाला 'एक' आणि दुसऱ्याला 'त्या' आपोआप येते. पहिल्या 'एक'च्या जागी इंग्रजीत 'अ' येतो, 'त्या'च्या जागी 'द'. ऐकणाऱ्याला प्रथमच सांगितलेली वस्तू आणि त्याला आधीच ठाऊक असलेली वस्तू, एवढाच हा भेद आहे.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न तर देवनागरी लिपीच सोडविते. येथे स्पेलिंगमधील पहिले अक्षर पाहावयाचे नसते, उच्चार पाहावयाचा असतो. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. आरंभी स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'अ'. 'अवर', 'ऑनेस्ट', 'एमएलए', 'एसएससी' हे स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन अवर' आणि 'ॲन एमएलए'. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन', 'वन-वे' यांच्या आरंभी 'य' आणि 'व' आहेत, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी' आणि 'अ वन-वे स्ट्रीट'.

उपपद विसरण्याची भीती बसली, की काही जण ते नको तेथेही लावू लागतात. 'द नेचर इज ब्युटिफुल' किंवा 'इन द लाइफ' ही त्याची उदाहरणे. निसर्ग, जीवन, समाज अशा सर्वसाधारण कल्पनांपूर्वी सहसा 'द' येत नाही.

'आहे'चा मोह

'मला माहीत आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला समजत आहे' या वाक्यांत 'आहे' ठळकपणे ऐकू येतो. त्याचा प्रतिध्वनी इंग्रजीत 'ॲम' आणि 'इंग' बनून उमटतो. 'आय ॲम नोइंग हिम', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही वाक्ये अशीच जन्माला येतात. योग्य वाक्ये 'आय नो हिम' आणि 'आय हॅव टू ब्रदर्स' अशी आहेत. मुंबईचे इंग्रजी कवी निसिम एझिकेल (१९२४-२००४) यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत निरोपाचे एक संपूर्ण भाषणच या 'इंग'च्या लकबीत रचले आहे.

यावर एक सोपी कसोटी आहे. ती क्रिया करणाऱ्याला 'थांब' असे सांगता येईल का, ते पाहावे. जेवण थांबविता येते, म्हणून 'आय ॲम हॅविंग लंच' हे बरोबर. भाऊ असणे, माहीत असणे, आवडणे, हवे असणे यांना 'थांब' म्हणता येत नाही. तेथे 'इंग' सहसा लावू नये.

भूतकाळातही 'आहे' आणि 'होता' हे शब्द असाच चकवा देतात. 'मी काल अर्ज दिला आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे; मात्र 'आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन येस्टरडे' हे इंग्रजीत चूक ठरते. काल, गेल्या वर्षी, २०१८ साली असा निश्चित भूतकाळ सांगितला, की 'हॅव' बाजूला ठेवून 'आय सबमिटेड द ॲप्लिकेशन येस्टरडे' असे म्हणावे. तसेच 'काल मी नाशिकला गेलो होतो' यातील 'होतो' पाहून 'आय हॅड गॉन' म्हणण्याचा मोह होतो. इंग्रजीत 'हॅड' तेव्हाच लागतो, जेव्हा भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे सांगावयाचे असते. 'मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती' येथे 'द ट्रेन हॅड लेफ्ट' योग्य. नुसते नाशिकला जाऊन आल्याचे सांगताना 'आय वेंट टू नाशिक येस्टरडे' एवढे पुरे.

'पासून' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून' या दोन्हींसाठी मराठीत एकच 'पासून' चालतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'सिन्स', दुसऱ्यासाठी 'फॉर' आहे. आरंभबिंदू सांगताना 'सिन्स' आणि कालावधी सांगताना 'फॉर'. म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' याऐवजी 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स' असे म्हणावयास हवे.

'गेलो नाही' आणि 'डिड नॉट वेंट'

'मी गेलो' या वाक्याचा नकार 'मी गेलो नाही' असा होतो. नकारातही मराठी क्रियापद आपला भूतकाळ सोडत नाही. याच सवयीने 'आय डिड नॉट वेंट' तोंडातून जाते. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे 'डिड' एकटा उचलतो. मूळ क्रियापद मोकळे होते. म्हणून 'आय डिड नॉट गो' आणि 'डिड यू सी?'

प्रश्नाच्या रचनेतही हाच भेद आहे. 'तू बाजारात चालला आहेस' आणि 'तू कुठे चालला आहेस?' यांत शब्दांच्या जागा बदलत नाहीत. त्यामुळे 'व्हेअर यू आर गोइंग?' असा प्रश्न विचारला जातो. तो चुकीचा आहे, 'व्हेअर आर यू गोइंग?' असे हवे, हे शाळेत ठसविले जाते. मग तोच नियम नको तेथे लागू होतो आणि 'आय डोंट नो व्हेअर इज ही' असे वाक्य तयार होते. मोठ्या वाक्याच्या पोटात प्रश्न आला, तर त्याचा क्रम साध्या विधानासारखाच राहतो. म्हणजे येथे मराठीची सवयच उपयोगी पडते : 'आय डोंट नो व्हेअर ही इज'.

'ला', 'शी', 'वर' यांचे जाळे

मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते, तर इंग्रजीत नामापूर्वी स्वतंत्र शब्द येतो. एकास एक असा मेळ घालण्याचा प्रयत्न केला, की चूक होते. नेहमी आढळणारी काही उदाहरणे अशी :

• 'मला सांगितले' म्हणून 'टोल्ड टू मी' नव्हे, 'टोल्ड मी'. मात्र 'सेड टू मी' बरोबर आहे.
• 'तिच्याशी लग्न झाले' म्हणून 'मॅरीड विथ हर' नव्हे. 'मॅरीड टू हर'.
• 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी' नव्हे. 'अँग्री विथ मी'.
• 'प्रश्नाविषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट द इश्यू' नव्हे. 'डिस्कस्ड द इश्यू'.
• 'माझ्यापेक्षा सीनियर' म्हणून 'सीनियर दॅन मी' नव्हे. 'सीनियर टू मी'.
• 'पंखा बंद कर' म्हणून 'क्लोज द फॅन' नव्हे. 'स्विच ऑफ द फॅन'. मराठीत दारही बंद होते आणि पंखाही. इंग्रजीत दोन्हींची क्रियापदे वेगळी.
• 'परीक्षा दिली' म्हणून 'गेव्ह द एक्झाम' नव्हे. 'टुक द एक्झाम'. 'गिव्ह' म्हटल्यास परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाचे चित्र परदेशी श्रोत्यापुढे उभे राहू शकते.

आदरार्थी बहुवचन

'माझे वडील शिक्षक आहेत' या वाक्यात आदरामुळे क्रियापद अनेकवचनी होते. त्यामुळे 'माय फादर आर टीचर' किंवा 'सर हॅव कम' असे बोलले जाते. इंग्रजी व्याकरणात आदराने वचन बदलत नाही. 'माय फादर इज अ टीचर' असेच म्हणावे लागते. 'माझा एक मित्र' हे मराठीत एकवचन असल्याने 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूकही होते. तेथे अनेक मित्रांपैकी एक असा अर्थ असल्यामुळे 'वन ऑफ माय फ्रेंड्स' हवे. बातम्या, सल्ले ही अनेकवचने मराठीत रुळलेली आहेत. इंग्रजीत मात्र 'न्यूज', 'ॲडव्हाइस', 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर' हे शब्द एकवचनीच चालतात. 'फर्निचर्स' हा शब्द दुकानाच्या पाटीवर दिसला, तरी तो प्रमाण नाही.

'ही गो टू ऑफिस' या चुकीचे कारण थोडे वेगळे आहे. जातो, जाते, जातोस, जातात असे मराठी क्रियापद लिंग, वचन आणि पुरुषानुसार बदलत राहते. साध्या वर्तमानकाळात इंग्रजी क्रियापद एकाच जागी बदलते : तृतीयपुरुषी एकवचनात. ती एकच जागा नजरेतून निसटते. 'ही गोज' म्हणण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

प्रत्येक वेगळेपण चूक नव्हे

भारतात वापरले जाणारे सगळेच वेगळे इंग्रजी अशुद्ध मानणे मात्र योग्य नाही. 'पोस्टपोन'च्या विरुद्धार्थी 'प्रीपोन' हा शब्द भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला आहे. 'डू द नीडफुल' ही जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातील धाटणी आपल्या कार्यालयांनी जपली. ती चूक नाही, जुनाट आहे. 'आय पास्ड आउट इन २०२२' हे वाक्य भारतात सर्वांना समजते. परदेशी श्रोत्याला मात्र बोलणारा बेशुद्ध पडला होता, असे वाटू शकते. तेथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणणे सुरक्षित.

सुधारणा कशी करावी?

आता संगणक आणि मोबाइल लिहिलेल्या चुका क्षणात दुरुस्त करून देतात. अर्जासाठी, ई-मेलसाठी ही सोय मोठी आहे. परंतु मुलाखतीत किंवा बैठकीत बोलताना ती हाताशी नसते. शिवाय चूक निमूटपणे दुरुस्त झाली, की ती का झाली हे कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा होते.

त्यापेक्षा जुनी पद्धत अधिक उपयोगी पडावी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले, ते मराठी आणि इंग्रजी वाक्ये शेजारी ठेवूनच. आजही तसे करता येईल. दिवसभरात स्वतः बोललेली पाच मराठी वाक्ये वहीत लिहावीत आणि त्यांचे इंग्रजी करावे. मग प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारावेत : नामापूर्वी उपपद हवे का? 'आहे' किंवा 'होता' पाहून काळ चुकला का? 'डिड'च्या मागे क्रियापद मूळ रूपात आहे का? 'ला', 'शी', 'वर' यांचे शब्दशः भाषांतर झाले का? चुका सापडल्या, तरी एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष द्यावे. दुरुस्त वाक्य मोठ्याने म्हणावे. जिभेला वळण लागल्याशिवाय डोक्यातला नियम बोलण्यात उतरत नाही.

या कामी मराठी माध्यमातील विद्यार्थ्याकडे एक भांडवल आधीपासूनच असते. कर्ता, कर्म, क्रियापद, विभक्ती हे शब्द त्याने शाळेत घोकलेले असतात. ते केवळ मराठीच्या पेपरापुरते न ठेवता इंग्रजी वाक्याला लावून पाहिले, तर चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे जावे लागणार नाही.