गावाचे यंत्र आणि गावाची बैठक

गावात नवे यंत्र येते. नारळ फुटतो. चार दिवस गर्दी होते. पुढे ते यंत्र कुणा एकाच्या घरी जाऊन बसते, नाहीतर कोपऱ्यात धूळ खात पडते. असे का होते? एक खरी हकिकत ऐका.

सन १९५६ ची गोष्ट. आकाशवाणीने युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे त्यासाठी घेतली. गावोगाव वीसेक माणसांचे एकेक मंडळ केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. शेती, आरोग्य, शिक्षण, सगळे विषय त्यात असत.

कार्यक्रम संपला, की रेडिओ बंद. मग माणसे बोलू लागत. “हे आपल्या रानात जमेल का? पैका कुठून आणायचा?” एक जण सगळे लिहून घेई. शंका पुण्याला कळवी. मग रेडिओवरून उत्तर येई. रीत अशी होती : ऐका, चर्चा करा, कामाला लागा.

पुढे याची तपासणी झाली. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले होते. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. तिथे फारशी भर पडली नव्हती. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक होता तो बैठकीचा!

आता मोबाईल आणि इंटरनेट आले आहे. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली. पण तार दारात आली, म्हणजे सारे गाव जोडले गेले असे नव्हे. म्हणून आधी बैठक घ्या. सगळ्या आळ्यांतली, सगळ्या वस्त्यांवरची माणसे बोलवा. बायांना त्यांच्या सवडीची वेळ विचारा. मग एकेक प्रश्न सोडवा.

यंत्र कुठे ठेवायचे? ती जागा सर्वांना मोकळी आहे का? किल्ली कुणाकडे? विजेचे बिल कोण भरणार? बिघडले तर पाहणार कोण? गावातल्याच दोघा-तिघा मुलामुलींना ते काम शिकवता येईल का?

ज्याला कुणी विचारले नाही, तो यंत्राला आपले म्हणत नाही. ज्याचा शब्द ठरावात आहे, तो त्याची राखण करतो.

आता तुम्हाला लिहिता येते. ठराव वहीत लिहा. सर्वांना वाचून दाखवा. मगच नारळ फोडा.