तारण नसलेली कल्पना

कर्ज देताना बँक दोन गोष्टी पाहते: परतफेड कशातून होणार, आणि झाली नाही तर तारण काय. नवी कल्पना घेऊन येणाऱ्या छोट्या उद्योगाची वस्तू अजून बनायची असते, तारणही नसते. आपल्याकडे घर-जमीन बहुधा पुरुषांच्या नावावर. त्यामुळे उद्योजक स्त्रीची अडचण दुहेरी होते.

येथे सरकारी पैसा दोन प्रकारे उपयोगी पडतो. पहिला, हमी. २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी त्यासाठी निधी उभारला. तारणाशिवाय दिलेले कर्ज बुडाले, तर नुकसानीचा मोठा वाटा हा निधी सोसतो. स्त्रियांच्या उद्योगांसाठी तो वाटा अधिक असतो.

पण कर्ज फेडावेच लागते. कल्पना चालेल की नाही, हेच ठाऊक नसेल तर? तेव्हा अनुदान हवे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली स्थापन केलेल्या ‘बायरॅक’ने ‘बिग’ योजनेत अशा पडताळणीसाठी १८ महिन्यांकरिता ५० लाख रुपयांपर्यंतची सोय केली.

यातले काही प्रयत्न फसणारच. प्रयोगशाळेत आम्ही फसलेला प्रयोगही वहीत नोंदवतो. तुम्ही वर्गात तेच शिकवता. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागतानाही किती उद्योग टिकले एवढेच विचारू नये. काय कळले आणि संधी कोणाला मिळाली, हेही विचारावे.