दाबलं की आकडा घसरतो

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसी (म्हणजे चिप) आणली, की कधीकधी तिचे पाय एका काळ्या स्पंजात खुपसलेले असतात. आयसी काढली की स्पंज जातो कचऱ्यात. टाकू नका! त्याच्या वर एक नाणं आणि खाली एक नाणं ठेवा, मल्टिमीटरच्या दोन वायरी दोन नाण्यांना लावा आणि रोध मोजा. (स्पंज गुलाबी असेल तर सोडून द्या. त्याचा रोध इतका प्रचंड असतो, की साधा मीटर हातच टेकतो.)

आता वरचं नाणं खोडरबराने दाबा. चिमटीत धरू नका हं, नाहीतर थोडी वीज तुमच्या बोटांतूनही जाईल! आकडा धाडकन खाली येतो. स्पंज प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक तर वीज अडवतं ना? मग हे काय?

करामत आहे कार्बनची. या स्पंजात कार्बनची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. पूड फार कमी असली, तर कण लांब लांब पडतात आणि वीज अडते. प्रमाण एका हद्दीपलीकडे गेलं, की एकदम वाट तयार होते. ओढ्यात पुरेसे दगड असले, की पाय न भिजवता पलीकडे जाता येतं ना, तसं. आणि गंमत म्हणजे, कणांनी एकमेकांना टेकायलाच हवं असंही नाही. मधली फट काही नॅनोमीटरच असेल (एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर!), तर इलेक्ट्रॉन तिच्यातून चक्क आरपार जातात. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. दाबल्यावर फटी किंचित अरुंद होतात, पण तेवढ्यानेही वीज कित्येक पट वाढते. शिवाय नाणं आणि स्पंज जास्त ठिकाणी टेकतात, तो फायदा वेगळाच.

दाबलेल्या कार्बनचा हा गुण एडिसनने 1877 मध्येच टेलिफोनसाठी वापरला होता. दिव्याच्या काजळीची वडी, तिच्यावर आवाजाचा दाब, की वीज कमीजास्त!

खरी खोडी पुढेच आहे. नाण्यावर पाण्याची भरलेली बाटली ठेवा आणि नुसतं बघत बसा. वजन तेच, तरी आकडा हळूहळू उतरतच राहतो. बाटली उचलली, तरी तो लगेच मूळ जागी येत नाही. कारण प्लास्टिक आळशी आहे. ते सावकाश दबतं आणि सावकाश सावरतं.

असंच कार्बन मिसळलेलं प्लास्टिक वापरून दाब मोजणाऱ्या पट्ट्या बनवतात. म्हणून त्यांचं गणित मांडताना शास्त्रज्ञ कागदावर एक स्प्रिंग काढतात आणि तिच्या शेजारी तेलात सरकणारा दट्ट्या. स्प्रिंग सांगते किती दबेल, दट्ट्या सांगतो किती वेळात. त्यावरून फटींची रुंदी काढायची आणि रुंदीवरून रोध. या गणितात जोराइतकंच घड्याळालाही महत्त्व आहे.

या आळशीपणामुळे वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात हा पदार्थ चालत नाही. तिथे धातूवर चिकटवलेले, धातू किती ताणला ते मोजणारे स्ट्रेन गेज असतात. पण गाडीच्या सीटवर कुणी बसलंय का, रोबोटच्या बोटांना काही लागलं का, एवढंच विचारायचं असेल, तर ही पातळ, स्वस्त पट्टी झकास. फक्त दट्ट्या विसरलेल्या रोबोटच्या हातात अंडं देऊ नका. त्याने ते बराच वेळ धरलं, की रोध उतरत जाणार. त्याला वाटणार, ‘अरे, माझा जोर वाढतोय!’ मग तो पकड सैल करणार, आणखी सैल करणार... आणि फरशी तुम्हाला पुसावी लागणार.