खानदेशातल्या अंगणात छाट कलम

जळगावची केळी बियांपासून होत नाही. कंद किंवा ऊतिसंवर्धित रोप लावतात, म्हणून मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात. अंगणातल्या जास्वंदीचेही तसेच. फांदी लावली की फूल त्याच रंगाचे येते.

धुळे-जळगावचा मे मात्र कलमाला सोसत नाही. पारा 43-44 अंशांवर जातो. मुळे नसलेली फांदी पानांवाटे पाणी गमावते, पण तेवढे शोषू शकत नाही. म्हणून चांगला पाऊस पडून हवा ओलसर झाली की लावावे. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका हवा. मुळे बहुधा तिथेच फुटतात. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढा.

आपली काळी माती, कपाशीला इतकी मानवणारी, इथे घात करते. पाणी धरून ठेवते आणि काप कुजतो. निम्मी वाळू मिसळाच. कुंडी सावलीत ठेवा.

मोगरा, कण्हेरही असेच लागतात. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हात धुवा. कोंब आला म्हणजे मूळ धरले असे नाही. तो फांदीतल्या साठ्यावरही फुटतो. उपटून पाहू नका. तळच्या भोकातून मुळे दिसली की मगच रोप हलवा.