चिक्कीत कोलेस्टेरॉल शून्य, बरं मग?

लोणावळ्यात चिक्कीच्या पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं वाचायला मिळालं, तर ते खोटं नाही. पण शेंगदाण्याने ही फुशारकी मारणं म्हणजे लोहगडाने आपल्याकडे खारे वारे नाहीत म्हणून मिरवण्यासारखं आहे. वनस्पती कोलेस्टेरॉल जवळजवळ बनवतच नाहीत. शेंगदाण्याचं निम्म्याच्या आसपास वजन तेलाचं असतं, ते मात्र कुणी ठळक अक्षरात छापत नाही. शेजारच्या फजला अशी बढाई मारायची सोय नाही. दूध-लोणी आलं की कोलेस्टेरॉल आलंच.

आता गूळ. तो पचला की त्यातल्या साखरेपासून शेवटी दोन कार्बनचे तुकडे हाती येतात. त्यांना म्हणतात असेटिल को-ए. हेच तुकडे जोडत जोडत यकृत 27 कार्बनचा कोलेस्टेरॉलचा रेणू घडवतं, तीसएक टप्प्यांत. हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा असलेल्या कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना 1964 चं नोबेल मिळालं. थोडक्यात, चिक्कीतून कोलेस्टेरॉल येत नाही, कच्चा माल येतो! आणि माल लागतोच: शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा तर एकटा मेंदू अडवून बसलेला असतो.

‘चांगलं’ आणि ‘वाईट’ कोलेस्टेरॉल हा रेणू एकच. फरक गाडीचा. रक्त पाण्यासारखं, कोलेस्टेरॉल तुपासारखं, म्हणून ते गाडीत बसूनच फिरतं. एलडीएल म्हणजे पेशींकडे माल पोचवणारा ट्रक. एचडीएल उरलासुरला माल यकृताकडे परत आणतो.

इथे पावसाळ्यातला रविवार आठवा. भुशी डॅमला निघालेली अख्खी मुंबई आणि बोरघाटात तुंबलेली रांग. यकृताच्या पेशींवर एलडीएलला आत घेणारे नाके असतात. नाके कमी पडले की ट्रक रक्तातच ताटकळतात आणि माल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मुरायला लागतो. काही घराण्यांत हे नाके जन्मापासूनच कमी असतात, तिथे ऐन तारुण्यातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हे नाके शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीला 1985 चं नोबेल मिळालं. एक नाका एक ट्रक आत सोडून दहाएक मिनिटांत पुन्हा जागेवर हजर होतो. घाटातल्या टोलवाल्यांनी शिकवणी लावावी.

मळवलीला उतरून लोहगड चढणारे म्हणतात, ‘घामातून चरबी गाळली.’ गाळली नाही, फुंकली! 10 किलो चरबी पूर्ण जळली, तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते. पाणी होतं फक्त 1.6 किलो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला, त्याच गावात ही गोष्ट सांगायला मजा येते. पण नुसतं जोरात श्वास सोडून भागत नाही. आधी चरबी जळायला हवी, म्हणजे चढ आलाच.

शेवटी बुरशी. जुलैत इथल्या कपाटातल्या चपलांना हिरवी-निळी लव फुटते. अशाच पेनिसिलियम कुळातल्या एका बुरशीत जपानच्या आकिरा एंडो यांना 1970 च्या दशकात पहिलं स्टॅटिन सापडलं, तेही हजारो बुरशी तपासल्यावर. स्टॅटिन यकृतातला कोलेस्टेरॉलचा कारखाना मंद करतं. मग गरजेपोटी यकृत जास्त नाके उघडतं आणि रक्तातली रांग पुढे सरकते.

चपलेवरची बुरशी मात्र पुसूनच टाका. गोळी डॉक्टर लिहून देतील तीच.