मीठ कुणाचं, नदी कुणाची

सकाळी 5.50

यजमान पालकांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. रात्रीतून त्यावर जे साचतं ते चहा होईपर्यंत वाचून काढायचं, हे दिवसाचं पहिलं काम. आजचा माल असा: एक फ्रेंच मुलगा चार्जर विसरलाय. एका डच मुलीला मांजराची ॲलर्जी आहे, ती अर्जात लिहायची राहिली आणि यजमानांकडे दोन मांजरं आहेत. दुसरी एक मुलगी रात्री एक वाजता घरी फोन करून रडली. तिच्या आईनं तिकडच्या शिक्षकाला उठवलं, त्यानं मला. 15 जून 2017 पासून युरोपीय महासंघात रोमिंगचा वेगळा आकार पडत नाही. प्रवाशांची सोय झाली, आमची झोप गेली. पूर्वी परक्या घरी रडून झोपलेलं मूल सकाळी निमूट नाश्त्याला बसायचं आणि आईला ते घरी परतल्यावर कळायचं. आता आई रात्री एक वाजताच हजर.

घर बदलून द्या, अशी मागणी आहे. रडणाऱ्या मुलीसाठी मी दोन रात्रींची मुदत मागून घेते. बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी ती मागणी कुणाला आठवतही नाही. मांजरवाल्या घरातली मुलगी मात्र आजच हलवायला हवी.

ऱ्हाईनच्या जर्मन काठाला, ऑफेनबुर्गजवळच्या एका शाळेत मी रसायनशास्त्र आणि इंग्रजी शिकवते. परदेशी शाळांशी असलेल्या भागीदाऱ्यांचं समन्वयकपदही माझ्याकडेच आहे. या आठवड्यात तीन शाळांची आठ-आठ मुलं एकत्र आली आहेत: आमची, नदीपलीकडच्या आल्सासमधली आणि नदीच्या मुखाकडची, रॉटरडॅमची. पाहुणी मुलं शाळेतल्या कुटुंबांकडे राहतात.

सकाळी 6.30

सुटी खोली असलेली घरं संपली आहेत. जर्मन पालक पाहुण्या मुलाला स्वतंत्र खोली देता येत नसेल तर आधीच नाही म्हणतात. त्यात आकस नसतो. अर्धवट पाहुणचार करायचा नाही, एवढंच. शेवटी मी आठवीतल्या एका मराठी मुलीच्या आईला फोन लावते. दोन खोल्यांचं घर म्हणून तिनं यादीत नावच दिलं नव्हतं.

‘‘ताई, एक पोरगी शुक्रवारपर्यंत ठेवाल का?’’

‘‘आणा की मॅडम. गादी खाली घालू. खाते काय ती?’’

‘‘सगळं. फक्त मांजर नको.’’

‘‘इथे कुठलं मांजर! घरमालक माणसांनाच मोजून राहू देतो.’’

सकाळी 7.10

शिक्षकखोलीत बदली तासांचा फलक लागलाय. मी आज चार तास बाहेर, म्हणजे माझे चार तास दुसऱ्यांच्या डोक्यावर. कुणी बोलत नाही, पण कॉफीच्या यंत्रापाशी जागा मात्र पटकन मोकळी होते. शाळेच्या संकेतस्थळावर भागीदारीचे फोटो झळकतात तेव्हा ती सगळ्या शाळेची असते. बदली तासांच्या फलकावर ती माझी एकटीची. मुख्याध्यापकांपेक्षा आज मला इमारतीच्या रखवालदाराची गरज जास्त आहे, कारण प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे असते. त्याला मी वर्षभर जपते.

सकाळी 7.40

पहिला तास. आठवी, इंग्रजी. पाहुणे आले म्हणून व्याकरण थांबत नाही.

सकाळी 8.40

चोवीस मुलं प्रयोगशाळेत. प्रत्येक टेबलावर तिन्ही शाळांचं एकेक मूल आणि नदीच्या पाण्याच्या तीन बाटल्या: आल्सासमधली, आमची आणि डच मुलांनी गाडीत जपून आणलेली मुखाकडची. नायट्रेटच्या पट्ट्या बुडवायच्या, रंग जुळवायचा, क्षारता मोजायची.

शालेय देवाणघेवाणीची युरोपीय योजना 1995 पासून कोमेनिअसच्या नावानं चालायची. 2014 पासून ती इरॅस्मस प्लसमध्ये सामावली गेली. या वर्षांत असंख्य प्रकल्पांचे विषय होते ‘आपले सण’, ‘आपला आहार’, ‘विविधतेत एकता’. त्यांचे तक्ते कितीतरी शाळांच्या जिन्यांत आजही उन्हानं फिके होत टांगलेले दिसतील. मुलं गोड वागली, एकमेकांच्या केकची तारीफ केली, घरी गेली. माझं मत कडू वाटेल, पण मैत्री हा प्रकल्पाचा विषय होऊच शकत नाही. मुलांना एकमेकांशी बोलायला भाग पाडेल असं काहीतरी मध्ये हवं, आणि ते खरोखरचं भांडण असेल तर उत्तमच. भांड्याला भांडं लागू दे.

ऱ्हाईनकडे अशी भांडणं भरपूर आहेत. आल्सासमधल्या पोटॅशच्या खाणी उरलेलं मीठ नदीत सोडायच्या. तेच पाणी खाली हॉलंडमध्ये काचघरांतल्या भाज्यांना आणि फुलांना जायचं, पिकं करपायची. डच बागायतदारांनी रॉटरडॅमच्या कोर्टात खटला भरला. खाण फ्रान्सची, नुकसान हॉलंडचं; दावा चालवायचा कुठे? प्रश्न युरोपीय न्यायालयात गेला आणि 30 नोव्हेंबर 1976 ला निकाल आला: जिथे कृत्य घडलं तिथे किंवा जिथे नुकसान झालं तिथे, फिर्यादीला हवं तिथे. सरहद्दीपलीकडच्या प्रदूषणाचा विषय निघाला की युरोपात आजही त्या निकालाकडे बोट दाखवलं जातं. माझ्या मुलांना तो दुपारी लढवायचा आहे. तोवर पाण्यातलं मीठ स्वतः मोजू देत.

आजच्या बाटल्यांत नाट्यमय काही निघत नाही. खाणी 2002 मध्ये बंद झाल्या. मुखाकडच्या बाटलीत क्षार जास्त दिसतात तेव्हा एक फ्रेंच मुलगी विजयी मुद्रेनं म्हणते, ‘‘हे तुमचं तुमचंच आहे, समुद्राचं!’’ डच मुलगा वहीत आकडा लिहितो आणि तिला भरतीच्या वेळा विचारतो. तिला त्या माहीत नसतात. दोघं मिळून फोनवर शोधायला लागतात. तीन दिवसांत त्या टेबलावरचं हे पहिलं संभाषण.

सकाळी 10.30

बस. पलीकडच्या काठाला, गाम्ब्सहाइमला नदीवर मोठा बांध आणि वीजकेंद्र आहे, आणि त्याच्या कडेनं माशांना वर चढून जाण्यासाठी बांधलेली वाट. ती 2006 ची. त्याखालची इफेझहाइमची 2000 ची. मागे सगळा 1986 चा धक्का. 1 नोव्हेंबरला बाझेलजवळ श्वाइझरहाले इथे रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत उतरली, पाणी लाल झालं आणि पार लोरेलाइच्या कड्यापर्यंतचे वाम मासे मेले. ऱ्हाईनच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग 1950 पासून होता, पण अंग झटकून कामाला लागला तो त्यानंतर. 2000 सालापर्यंत सामन मासा नदीत परत आणायचा, असं लक्ष्य ठरलं.

इथल्या माहिती केंद्राच्या नावात 309 हा आकडा आहे. ऱ्हाईनचे किलोमीटर कोन्स्टान्सच्या पुलापासून मोजतात, त्या हिशेबानं हा 309 वा. नदी समुद्राला मिळते ती 1,036 च्या दगडापाशी, म्हणजे आमच्या डच पाहुण्यांच्या दारात.

तळघरासारख्या अंधाऱ्या खोलीत जाड काचेची खिडकी आहे. पलीकडे शेवाळी, गढूळ पाणी जोरात डावीकडून उजवीकडे धावतं आणि त्यात पाल्याचे तुकडे. मासा दिसेलच असं नाही. पहिली पाच मिनिटं सेल्फी. पुढची पाच कंटाळा. मग एक बार्बेल येतो: हातभर लांब, पितळी, ओठांपाशी चार मिशा. प्रवाहात तोंड घालून तो काचेपाशी उभाच राहतो, शेपटी तेवढी हलत असते. पुढे जात नाही, मागेही नाही. एक मुलगा काचेला नाक लावतो, मग दुसरा. ‘‘दमलाय तो,’’ कुणीतरी फ्रेंचमध्ये म्हणतं आणि जर्मन मुलाला ते भाषांतराशिवाय कळतं. मासा एकदम अंग झोकून वर निघून जातो आणि अख्खी खोली ओरडते. त्यानंतर त्यांना तिथून बाहेर काढायला मला आवाज चढवावा लागला.

सामन दिसला नाही. सहसा दिसत नाही.

दुपारी 12.45

नदी ओलांडून परत येताना जर्मन पोलीस बस थांबवतात. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. कधी थांबवतात, कधी हात दाखवून सोडतात. माझ्या पिशवीत फाइल तयार असते. आमच्या आठ मुलांपैकी दोघं युरोपीय महासंघाचे नागरिक नाहीत. शाळेच्या सहलीसाठी 1994 पासून एक यादीची पद्धत आहे: मुलाचं नाव, फोटो, परदेशी नागरिक कार्यालयाचा शिक्का, की त्याला वेगळा व्हिसा लागत नाही. या दोघांकडे वास्तव्याची कार्डं आहेत, तरी मी यादीही बाळगते. पोलीस पाच मिनिटांत उतरतो. पण त्या पाच मिनिटांत बसमधला दंगा थांबलेला असतो आणि सीरियातून आलेला आमचा मुलगा, अगदी सराईतपणे, कुणी मागायच्या आधी कार्ड हातात धरून बसलेला असतो. शेजारचा डच मुलगा त्या कार्डाकडे बघतो. त्याचं स्वतःचं ओळखपत्र दप्तराच्या तळाशी कुठेतरी आहे.

दुपारी 1.20

जेवण. जर्मन मुलं पावाचा डबा उघडून दहा मिनिटांत मोकळी. फ्रेंच मुलं डब्याकडे बघतात आणि जेवण कधी आहे ते विचारतात.

दुपारी 2.15

खटला. नियम एकच: आपल्या देशाची बाजू घ्यायची नाही. डच मुलं खाणीचे वकील, फ्रेंच मुलं बागायतदारांचे, जर्मन मुलं न्यायाधीश.

सुरुवातीची दहा मिनिटं कागद वाचण्यात जातात. मग खाणीची वकील झालेली डच मुलगी कागद बाजूला ठेवते. मीठ तिथेच जमिनीवर ढीग घालून ठेवलं असतं तर आमच्या गावाच्या विहिरी नासल्या असत्या, ती म्हणते, तेव्हा आम्ही आमचं पाणी नासवायचं की तुमचे टोमॅटो? वर्ग शांत. बागायतदारांकडचा आल्सासचा मुलगा लालबुंद होतो. त्याचे आजोबा खाणीत होते आणि त्याला आता त्यांच्याविरुद्ध बोलायचंय. तो बोलतो. इंग्रजी अडखळतं, मुद्दा नाही.

मी फळ्यावर चार आकडे लिहिते: 30, 30, 34, 6. डिसेंबर 1976 मध्ये बॉनला करार झाला, मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घ्यायचा ठरला: फ्रान्स 30 टक्के, जर्मनी 30, नेदरलँड्स 34, स्वित्झर्लंड 6. करार अमलात यायला 1985 उजाडलं. ज्याचं नुकसान झालं त्यानंच सर्वांत जास्त भरायचे? आता बाजू कुणाची कोण लढतंय हे कुणाच्या लक्षात राहत नाही. एक न्यायाधीश टेबलावर पेन आपटत असतो. त्याला एक डच मुलगा विचारतो, ‘‘न्यायाधीश तुम्हीच का? लुडविग्सहाफेन कुठल्या नदीवर आहे?’’ जर्मन रसायन उद्योगाची अर्धी कुंडली त्या एका प्रश्नात आली. मी हस्तक्षेप करत नाही.

मी सांगलीची. आमच्याकडे पुराची तक्रार उलटी, खालच्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवून चालते. तिकडची आणि इकडची आठवीची मुलं एका वर्गात बसवून, बाजू बदलून हा खेळ कुणी लावला तर काय होईल, हा विचार मला अशा दुपारी हमखास येतो.

दुपारी 4.30

संगणक. युरोपीय आयोगाच्या प्रणालीत प्रत्येक गटाचा प्रवास नोंदवायचा. प्रवास अनुदान दोन ठिकाणांमधल्या सरळ रेषेच्या अंतरावर ठरतं. रॉटरडॅम ते आम्ही, हे अंतर पाचशे किलोमीटरच्या अलीकडेच अडकतं, म्हणून डच शाळा खालच्या टप्प्यात. रुळांना सरळ रेषा ठाऊक नाही, पण तसा रकाना नाही. पैसा पाठवणाऱ्या शाळेला मिळतो, यजमानाला नाही. आजच्या बसचं बिल त्यामुळे तिघांत फोडायचं. अहवालात ‘शिकण्याची फलितं’ लिहायची आहेत. बार्बेल कुठल्या फलितात बसवू?

संध्याकाळी 6.45

ताईंचा फोन. आवाजात हसू. ‘‘मॅडम, पोळीला तूप लावून दिली, तर तिनं बॅगेतून खोका काढला, पोळीवर चॉकलेटचे दाणे ओतले, गुंडाळी केली आणि तीन खाल्ल्या!’’ ते दाणे डच लोक सकाळी लोणी लावलेल्या पावावर खातात, मी सांगते. ‘‘असू दे. पण आता माझी दोघं तेच मागतायत. आणि ही आमटी पण पितेय, पेल्यातून.’’

नदीपलीकडच्या पालकांचा एक जुना प्रश्न आहे: घर गाडीनं अर्ध्या तासावर असताना पोरांनी रात्री तिकडे राहायचं कशाला? त्या काठावर 1871, 1918, 1940 आणि 1944-45 असे चार वेळा झेंडे बदलले. 1963 च्या एलिझे करारानंतर त्याच वर्षी फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय निघालं, तेव्हापासून नव्वद लाखांहून जास्त तरुण त्याच्या कार्यक्रमांत गेले. तरी आल्सासच्या कित्येक घरांत आजीला या काठाची बोली समजते आणि नातवाला ती येत नाही. सहल करून तो संध्याकाळी घरी गेला तर त्याला फक्त बस आठवेल. दुसऱ्याच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो हे शोधायला रात्र लागते.

रात्री 8.30

तीन शाळांचे शिक्षक, एक टेबल, पिझ्झा. ऑक्टोबरात रॉटरडॅम. डच सहकारी 1997 चा मासलांट बांध दाखवणार आहे; लाटा अडवणारी त्याची दोन दारं एकेक 210 मीटर लांब आहेत, हे तो दर वेळी सांगतो. बसच्या बिलावर थोडी घासाघीस होते. रात्री रडलेली मुलगी आज यजमानांच्या बहिणीच्या वाढदिवसाला गेली आहे आणि फोन उचलत नाही. आता तिची आई त्यामुळे काळजीत.

मग फ्रेंच सहकारी मुद्द्यावर येते. दुपारी आजोबांच्या खाणीविरुद्ध बोललेला मुलगा तिला बसमध्ये विचारत होता, ब्रिजित सोझेच्या नावाचा जो कार्यक्रम आहे, 1989 पासूनचा, दोन-तीन महिने समोरच्या देशात शाळा करायची आणि मग तिथला मुलगा आपल्या घरी आणायचा, त्यात आमच्याकडे जागा मिळेल का? आमचा पेन आपटणारा न्यायाधीश त्याच्याकडे जायला एका पायावर तयार आहे. दोन्ही शाळांची हरकत नाही, फॉर्म साधा आहे. न्यायाधीशाच्या आईशी उद्या पहिल्या सुट्टीत मलाच बोलायचं आहे आणि तिचा पहिला प्रश्न मला आत्ताच पाठ आहे: तिकडे गेल्यावर गणिताचं काय?